लघवीच्या पिशवीचा अलार्म: या चुका टाळा

कॅथेटर (मूत्राशयात घातलेली नळी) लावलेल्या रुग्णाची लघवीची पिशवी भरत आली की बझर वाजवणारी छोटी यंत्रे मराठवाड्यातील काही रुग्णालयांत आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी मला पाहायला मिळतात. काही विकत घेतलेली असतात, तर काही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून बनवून दिलेली असतात. ती दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात तेव्हा सुटे भाग बहुधा शाबूत असतात. दोष असतो तो बनवणाऱ्याच्या किंवा वापरणाऱ्याच्या घाईत, आणि चुकाही त्याच त्या असतात.

त्यांतली सर्वांत घातक चूक म्हणजे यंत्र चालू होताच आपोआप शून्य धरणारा प्रोग्रॅम. या यंत्रांत पिशवीचा हुक लोड सेलला, म्हणजे वजन मोजणाऱ्या सेन्सरला, अडकवलेला असतो. एचएक्स७११ ही चिप वजनाचे आकडे मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे यंत्रातल्या छोट्या संगणकाला, देते आणि तो वजनावरून मिली काढतो. या चिपसाठी तयार मिळणाऱ्या नमुना प्रोग्रॅमांत सुरुवातीलाच, हुकावर त्या क्षणी असलेले वजन शून्य धरण्याची ओळ असते आणि विद्यार्थी ती जशीच्या तशी उचलतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे खपून जाते, कारण तिथे यंत्र चालू करताना पिशवी रिकामीच असते. आपल्याकडे मात्र लाईट जाते आणि येते. प्रौढांच्या नेहमीच्या पिशवीत २००० मिली मावते आणि ती दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी, म्हणून अलार्म साधारण १३०० मिलीवर लावतात. पिशवीत ९०० मिली असताना लाईट जाऊन परत आली, तर यंत्र त्या ९०० मिलीलाच शून्य समजते. मग बझर वाजण्यासाठी पिशवीत २२०० मिली जमावी लागते, आणि तेवढी तर तिच्यात मावतच नाही.

एका तालुक्याच्या गावातील रुग्णालयात नेमके हेच घडले. उन्हाळ्याची रात्र होती आणि लाईट वरचेवर ये-जा करत होती. इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे होते, पण खाटेशेजारचा प्लग नव्हता. पहाटे यंत्राच्या पडद्यावर जेमतेम दोनशेचा आकडा होता, म्हणून ड्यूटीवरच्या नवख्या सिस्टरने इनपुट-आउटपुट चार्टवर (रुग्णाच्या शरीरात किती द्रव गेले आणि किती बाहेर आले याच्या नोंदीवर) तोच लिहिला. रात्रभरात एवढीच लघवी झाली असे वाटून सलाईन वाढवण्याची चर्चा सुरू झाली होती. तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशींनी खाटेखाली ओल पाहिली. पिशवी ढोलासारखी टम्म फुगली होती आणि तिच्या तोटीतून थेंब गळत होते. रुग्ण हृदयविकाराचा होता. चार्टवर विसंबून त्याला जास्त सलाईन गेले असते, तर त्याला श्वास घेणे जड झाले असते. मला यंत्र तपासायला बोलावले तेव्हा त्यात एकही भाग बिघडलेला आढळला नाही.

उपाय सोपा आहे, पण शिकाऊ मुलांना तो कंटाळवाणा वाटतो. नवी रिकामी पिशवी नळीसह अडकवून एकदाच शून्य घ्यावे आणि तो आकडा ईईप्रॉममध्ये, म्हणजे यंत्राच्या कायमच्या स्मृतीत, साठवावा, म्हणजे लाईट गेली तरी तो पुसला जात नाही. शून्याचे बटण पाच सेकंद दाबून धरल्याशिवाय चालणार नाही असे ठेवावे आणि यंत्राला स्वतःची बॅटरी द्यावी. यानंतर मी त्याच पिशवीत मोजपात्राने ५०० आणि मग १००० मिली पाणी घालून आकडा जुळतो का ते पाहतो, आणि ती पिशवी रुग्णासाठी वापरू देत नाही. ‘एका वजनावर जुळले म्हणजे झाले’ असे म्हणणाऱ्याचे यंत्र मी वॉर्डात लावत नाही.

दुसरी चूक वापरणाऱ्यांची आहे आणि तिच्याबद्दल मी भेटेल त्याला सांगत असतो. अलार्म वाजला नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे नातेवाईक धरून चालतात. पिशवी भरल्याचा अलार्म फक्त पिशवी भरली एवढेच सांगू शकतो. लघवी पिशवीपर्यंत पोहोचतच नसेल तर त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नसते. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या एका आजोबांची नळी कुशीवर वळताना मांडीखाली दबली. यंत्र शांत आहे हे पाहून मुलगा निर्धास्त झोपला. इकडे आजोबा तळमळत होते आणि ओटीपोट दगडासारखे घट्ट झाले होते. नळी सरळ करताच तुंबलेली लघवी धो धो उतरली. मुलगा मला म्हणाला, ‘काका, पिशवी भरलीच नाही, मग यंत्र वाजणार कसे?’ त्याचे बरोबर होते, आणि म्हणूनच भरल्याचा अलार्म एकटा पुरेसा नाही.

प्रौढ रुग्णात तासाला दर किलो वजनामागे ०.५ मिलीपेक्षा कमी लघवी होऊ लागली तर डॉक्टर तिकडे लक्ष देतात. ६० किलोच्या माणसासाठी ही मर्यादा तासाला ३० मिली होते. म्हणून मी बनवलेल्या प्रत्येक यंत्रात वजन तासभर पुरेसे वाढले नाही तर वेगळ्या सुराचा दुसरा अलार्म असतो, आणि त्याची मर्यादा मी डॉक्टरांना विचारूनच ठरवतो, कारण मूत्रपिंडाच्या काही रुग्णांना मुळातच लघवी कमी होते. हा अलार्म वाजला की आधी कॅथेटरपासून पिशवीपर्यंत सगळी नळी हाताने चाचपावी. नळी मोकळी असूनही पिशवी भरत नसेल तर सिस्टरला लगेच बोलवावे. कॅथेटर स्वतः ओढून पाहू नये, कारण त्याला मूत्राशयात धरून ठेवणारा आतला फुगा पाण्याने भरलेला असतो.

पिशवीच्या हुकाला औषधांची कॅरीबॅग किंवा पाण्याची बाटली लटकवू नये, आणि नळीचा ताण खाटेच्या कठड्यावर येऊ देऊ नये. दोन्हींमुळे वजन चुकते. खोटे अलार्म वाजू लागले की कोणीतरी बझरची वायर काढून टाकतो आणि मग खरा अलार्मही ऐकू येत नाही. लोड सेल पाच किलोचा घ्यावा, कारण एक किलोचा सेल भरल्या पिशवीच्या एका हिसक्यानेही कायमचा वाकू शकतो. पिशवीच्या आत पातळी ओळखणारे धातूचे प्रोब (सळ्या) कोणत्याही परिस्थितीत घालू नयेत. बंद मार्ग उघडला की जंतूंना वाट मिळते, आणि लघवीतील क्षारांमुळे प्रोबही लवकर खराब होतात. बाहेरून चिकटवायचे सेन्सर मऊ पिशवीला सुरकुती पडली की फसतात, म्हणून मी ते वापरत नाही. शस्त्रक्रियेनंतर जखमेतले रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या पिशवीला वजनावरून मिली काढण्याचे लघवीचे गणित लावू नये, कारण रक्त लघवीपेक्षा जड असते.

यंत्रावरचा आकडा चार्टवर उतरवणे हा आणखी एक आळस आहे. पिशवी रिकामी करताना मोजपात्रातले माप लिहावे आणि यंत्राचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा. अनेक दिवस वजन टांगून ठेवल्याने आणि एप्रिल-मेच्या उकाड्याने लोड सेलचे शून्य सरकते, आणि ते या रोजच्या ताडण्यातूनच कळते. यंत्र जागेवर बसावे म्हणून पिशवी मूत्राशयापेक्षा उंच टांगणारेही मी पाहिले आहेत. तसे केल्यास लघवी उलटी जाण्याचा धोका असतो. पिशवी जमिनीवरही टेकू देऊ नये. रुग्णाला एक्स-रेसाठी स्ट्रेचरवरून नेताना पिशवी थोडा वेळ वर धरावीच लागली, तर नळीचा क्लॅम्प (नळी बंद करणारा चिमटा) लावतात आणि खाटेवर परतल्यावर तो उघडायचा राहून जातो. म्हणून परत आल्यावर आधी क्लॅम्प उघडावा, नळीतून लघवी उतरताना डोळ्यांनी पाहावी, आणि त्यानंतरच पिशवी हुकाला अडकवून अलार्म चालू करावा.