मराठी वेब-ॲप लॅपटॉपवर उभं करायचंय? आधी एवढी तयारी करा

ही यादी एका ठरावीक कामासाठी आहे. वाचनालयाचे सभासद, पुस्तकं, देवघेव आणि विलंब शुल्क सांभाळणारं मराठी वेब-ॲप, जँगो (पायथनमध्ये वेब-ॲप लिहिण्याची चौकट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) वापरून लिहिलेलं. सर्व्हरवर उबुंटू २४.०४ ही लिनक्स सिस्टिम आणि तुमच्या हातात ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप. ब्राउझरमध्ये पान उघडलं की सेटअप झाला, असं बरेच जण धरून चालतात. मला ते मान्य नाही. सर्व्हरवर जे होणार तेच लॅपटॉपवर व्हायला हवं, आणि तेही मराठी मजकूर टाकून पाहिल्यावर.

काहीही इन्स्टॉल करण्याआधी सर्व्हरवरच्या आवृत्त्या विचारून लिहून घ्या. उबुंटू २४.०४ सोबत पायथन ३.१२ आणि पोस्टग्रेस १६ येतात. जँगोची ५.२ ही एप्रिल २०२५ मध्ये आलेली, दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती या दोन्हींवर चालते. म्हणून लॅपटॉपवरही हेच आकडे ठेवा. नवीन आवृत्ती दिसली म्हणून घेऊ नका.

आता डब्ल्यूएसएल २. मायक्रोसॉफ्टच्या या सोयीने विंडोजच्या आत खरंखुरं लिनक्स मिळतं आणि ॲडमिन म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमध्ये एका कमांडने ते बसतं. पण त्याआधी बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते पाहा. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये सीपीयूखाली ते लिहिलेलं असतं. डिस्कवर वीसेक जीबी जागा मोकळी ठेवा. डब्ल्यूएसएल एरवी निम्म्यापर्यंत रॅम घेऊ शकतं. ब्राउझर आणि एडिटर एकत्र उघडल्यावर लॅपटॉप अडखळायला लागला, तर डब्ल्यूएसएल-कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा घालून द्या. डॉकरची, म्हणजे ॲप आणि त्याच्या गरजा एका बंद डब्यात चालवणाऱ्या साधनाची, सक्ती मी करणार नाही. एक ॲप आणि एक डेटाबेस एवढंच असेल, तर ८ जीबीच्या मशीनवर ते ओझं टाळलेलं बरं.

प्रोजेक्टचं फोल्डर लिनक्सच्या होममध्येच ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवून लिनक्समधून उघडलं, तर प्रत्येक फाइल दोन सिस्टिमांच्या सीमेवरून ये-जा करते आणि टेस्ट रेंगाळतात. गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं साधन; त्याची एसएसएच की (ओळख पटवणारी किल्ली) लिनक्सच्या बाजूने तयार करा, नाव आणि ईमेल तिथेच भरा. विंडोज आणि लिनक्स ओळीचा शेवट वेगळ्या खुणांनी करतात, तो प्रश्नही आत्ताच मिटवा. विंडोजच्या पद्धतीने सेव्ह झालेली शेल स्क्रिप्ट लिनक्सवर चालत नाही, आणि एरर इतका विचित्र येतो की मूळ कारण सुचतच नाही. रेपोमध्ये (प्रोजेक्टच्या गिटमधल्या साठ्यात) गिट-ॲट्रिब्यूट्स फाइल घालून सगळ्यांसाठी लिनक्सची पद्धत ठरवून टाका. फाइलच्या नावातल्या कॅपिटल अक्षरांकडेही लक्ष असू द्या, लिनक्स त्यांत फरक करतं.

पायथनसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे या प्रोजेक्टच्या पॅकेजांची वेगळी जागा, हवंच. उबुंटूवर त्याचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं. ते टाळून थेट पिप (पायथनची पॅकेजं बसवणारी कमांड) चालवायला गेलात, तर हे एन्व्हायर्न्मेंट बाहेरून सांभाळलं जातं असं सांगून उबुंटू नकार देईल. तो नकार मोडून काढण्याचा फ्लॅग आहे, तो वापरू नका; सिस्टिमची स्वतःची पॅकेजं बिघडू शकतात. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजचा नेमका आकडा लिहा.

पोस्टग्रेसपाशी थोडं थांबावं लागेल, कारण नव्या माणसाचे तास इथेच जातात. ॲपसाठी स्वतंत्र युजर करा आणि डेटाबेसची मालकी त्याच्याकडे द्या. पोस्टग्रेस १५ पासून पब्लिक स्कीमामध्ये (टेबलं ठेवण्याच्या नेहमीच्या जागेत) टेबल बनवण्याची परवानगी सरसकट मिळत नाही. मालकी दिली नाही, तर पहिलंच मायग्रेशन (डेटाबेसमध्ये टेबलं बनवणारी जँगोची पायरी) परवानगीच्या एररवर अडतं. डेटाबेस बनवण्याचा हक्कही या युजरला लॅपटॉपवर द्या, कारण जँगो टेस्टसाठी दरवेळी वेगळा डेटाबेस तयार करून नंतर पुसतं. सेटिंग्जमध्ये होस्ट म्हणून लोकलहोस्ट, म्हणजे हेच मशीन, लिहा. ती जागा रिकामी सोडली तर पोस्टग्रेस पासवर्ड न विचारता लिनक्सच्या युजरचं नाव ताडून पाहतं, आणि ते जुळलं नाही की पीअर ऑथेंटिकेशनचा एरर येतो. पोर्ट ५४३२ राहू द्या. विंडोजवर आधीच एखादं पोस्टग्रेस बसवलेलं असेल तर पोर्टची टक्कर टाळायला ते बंद करा.

यानंतरचा भाग इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सहसा सापडत नाही, आणि मराठी ॲपसाठी तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डेटाबेसचं एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे याची खात्री करून घ्या. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह त्यात ३ बाइट घेतं, त्यामुळे बाइट मोजून लांबी तपासणारा कोड असेल तर तो इंग्रजी नावांवर चालेल आणि मराठी नावांवर फसेल. मग क्रम. सभासदांची यादी आडनावाने लावा आणि क्षीरसागर कुठे येतात ते पाहा. नुसत्या युनिकोड क्रमांकाने (प्रत्येक अक्षराला संगणकात दिलेल्या आकड्याने) लावलेल्या यादीत ते ‘क’च्या घरात जाऊन बसतात, ‘ज्ञ’ची नावं ‘ज’मध्ये शिरतात आणि ‘ळ’ येतो ‘ल’च्या पाठोपाठ. वाचनालयातल्या ताईंना ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ शेवटी हवे असतात, आणि त्यांचंच बरोबर आहे. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन (अक्षरं क्रमाने लावण्याचे नियम) उपलब्ध असतं. जँगोच्या फील्डला ते नाव देता येतं, ते द्या आणि त्याची एक टेस्ट लिहून ठेवा.

शोधाची परीक्षा ‘ॲ’ने घ्या. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. जुन्या मजकुरात तेच ‘अ’ला अर्धचंद्र जोडून लिहिलेलं सापडतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण डेटाबेसला ते वेगळे शब्द वाटतात. एरवी उपयोगी पडणारं युनिकोडचं नॉर्मलायझेशनही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) हा भेद मिटवत नाही. मजकूर साठवतानाच तो बदलून घ्यावा लागतो. ‘ऱ्या’मधल्या ‘ऱ’ला मात्र नॉर्मलायझेशन पुरतं, कारण ‘र’ आणि नुक्ता मिळून तोच ‘ऱ’ होतो हे युनिकोडला माहीत आहे. पानांचे पत्ते जँगोच्या स्लगिफायने बनवत असाल तर ‘मराठी’ हा शब्द टाकून बघा. युनिकोड चालू केलं तरी मात्रा गळून ‘मरठ’ उरतं. याचा बंदोबस्त पत्ते लोकांच्या हाती जाण्याआधीच करायचा.

टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटकी दिसली तर घाबरू नका. बहुतेक वेळा दोष दाखवण्यात असतो, डेटा शाबूत असतो. ब्राउझरमध्ये पाहून खात्री करा. टंकलेखनासाठी विंडोजमध्ये इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही मराठी कीबोर्ड सुरू करा. लोक दोन्ही वापरतात, तेव्हा टेस्टही दोन्हींवर व्हायला हवी.

नमुन्याचा डेटा स्वतः रचा. खऱ्या सभासदांची नावं आणि मोबाइल नंबर लॅपटॉपवर उतरवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याआधीही ते अयोग्यच होतं. पन्नासेक सभासद आणि दोनशे पुस्तकं भरणारी एक कमांड लिहा आणि तिच्यात मुद्दाम अवघड नावं घाला. वाचनालयाकडून नमुना म्हणून पुस्तकांची एक्सेल यादी येणार असेल तर ती सीएसव्ही यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करून मागा. साध्या सीएसव्हीमध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात. यूटीएफ-८ मध्येही एक्सेल सुरुवातीला एक अदृश्य चिन्ह सोडतं आणि पहिल्या रकान्याचं नाव जुळत नाही, म्हणून वाचताना पायथनला ते चिन्ह गाळायला सांगा. युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली यादी आली, तर आधी रूपांतर आणि मगच आयात.

टाइम-झोन एशिया-कोलकाता. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेतच) राहू द्या, पण ‘आज’ काढताना जँगोकडून स्थानिक तारीख मागा. आपण साडेपाच तास पुढे आहोत. विलंब शुल्काची आकारणी रात्री साडेबाराला चालली आणि कोडने यूटीसीची तारीख घेतली, तर सगळा हिशोब कालच्या तारखेने होईल. सभासदाच्या खिशाचा प्रश्न असल्यामुळे ही टेस्ट सोडायची नाही.

पासवर्ड आणि सीक्रेट की (जँगोची गुप्त किल्ली) एन्व्ह फाइलमध्ये ठेवा, ती फाइल गिट-इग्नोरमध्ये टाका म्हणजे ती रेपोमध्ये जाणार नाही, आणि खोट्या किमती भरलेली तिची एक प्रत रेपोमध्ये ठेवा. लॅपटॉपवरची सीक्रेट की सर्व्हरच्या कीपेक्षा वेगळी असावी. ईमेल कन्सोलवर (टर्मिनलमध्ये) छापलं जाईल अशी सेटिंग करा, म्हणजे मुदत संपल्याची सूचना चुकूनही कुणाच्या इनबॉक्समध्ये जाणार नाही.

सगळं चालू झालं की दुसऱ्या एका फोल्डरमध्ये रेपो नव्याने क्लोन करा, म्हणजे त्याची पूर्ण प्रत उतरवा. नवा डेटाबेस, नवं एन्व्हायर्न्मेंट, आणि समोर फक्त रीडमी (प्रोजेक्टच्या सूचनांची फाइल). क्लोनपासून मायग्रेशन, नमुना डेटा आणि टेस्टपर्यंत एकेक पायरी त्यातलं वाचूनच करा. जिथे रीडमीमध्ये नसलेली कमांड द्यावी लागेल, तिथे ती लगेच मराठीत लिहून घाला. या दुरुस्त्या हीच तुमची त्या प्रोजेक्टमधली पहिली पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) असू द्या.