थंडीत अडलेले आंबवण पुन्हा कसे सुरू केले

हिवाळ्याच्या तोंडावर दालचिनी आणि संत्र्याची साल घातलेली गडद एल (बिअरचा एक प्रकार) घरी करायला घेतली, तेव्हा पहिले काही दिवस आंबवण जोमात चालले आणि पारा उतरताच ते थंडावले. एअरलॉकमधले, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या झडपेतले, बुडबुडे थांबले म्हणजे बिअर तयार झाली असे मानण्यात अर्थ नसतो. झाकण किंचित सैल असले तरी बुडबुडे दिसत नाहीत. म्हणून द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर लावला; साखर आंबत जाते तशी घनता उतरते. सुरुवातीची १.०७० घनता १.०३०वर येऊन अडली होती, तर अपेक्षा १.०१६च्या आसपासची होती. पिंपातल्या द्रवाचे तापमान भरले १४ अंश सेल्सिअस. बहुतेक एल यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात, आणि त्याखाली ते सुस्तावून तळाशी बसते.

पिंप कोमट पाण्याच्या टबात ठेवून, मत्स्यपेटीत वापरतात तो थर्मोस्टॅटचा हीटर त्या पाण्यात सोडला आणि तापमान सावकाश २० अंशांवर आणले. मग झाकण न उघडता पिंप हलकेच गोल फिरवले, जेणेकरून तळाचे यीस्ट वर येईल, पण हवा मिसळून बिअरची चव बिघडणार नाही. दुसऱ्या दिवशी काठाला पुन्हा फेसाची पातळ कड दिसली. घनता १.०१७वर येऊन सलग तीन दिवस तिथेच राहिली, तेव्हाच बाटल्या भरल्या, कारण साखर शिल्लक असताना बूच लावले तर बाटली फुटू शकते. लागर या दुसऱ्या प्रकारच्या बिअरच्या यीस्टला मात्र हीच थंडी मानवते.