अ‍ॅस्टेरिस्कवर जी.७२९ वापरताना या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डातली पेढी असो वा साताऱ्यातली पतसंस्था, शाखांचे फोन सर्व्हरवरून कॉल जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे अ‍ॅस्टेरिस्कवर जोडायचे ठरले की जी.७२९ या कोडेकचा, म्हणजे आवाज आकसून पाठवण्याच्या पद्धतीचा, प्रश्न येतोच. सॉफ्टवेअर मुक्तस्रोत, म्हणजे त्यातला कोडेकही फुकट, असे धरून चालणे ही सगळ्यात मोठी चूक. मुक्त परवाना मुख्यतः कोडच्या कॉपीराइटबद्दल असतो. पेटंट आवाज आकसण्याच्या पद्धतीवर असते आणि ते भलत्याच कंपनीकडे असू शकते. कोड स्वतः लिहिला तरी ते लागू होते.

जी.७२९ पुरती ही अडचण मिटली आहे. बहुतेक पेटंटांची मुदत संपली आणि उरलेल्यांवरची रॉयल्टी १ जानेवारी २०१७ पासून सोडण्यात आली. तरीही कोणी 'पेटंट फी' मागितली तर देऊ नका. तयार मॉड्यूलचे (कोडेक चालवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचे) पैसे मागणे मात्र रास्त आहे. मोबाइल कॉलसाठीच्या ईव्हीएससारख्या नव्या कोडेकला ही सूट लागू समजू नका.

आता नेहमीची तक्रार. मॉड्यूल नसतानाही दोन फोनांमध्ये जी.७२९ चा कॉल नीट चालतो, कारण सर्व्हर पाकिटे तशीच पुढे पाठवतो. पण व्हॉइसमेल किंवा कॉन्फरन्स आली, म्हणजे सर्व्हरला आवाज दुसऱ्या कोडेकमध्ये बदलावा लागला, की आवाज गायब, आणि लॉगमध्ये 'नो पाथ टू ट्रान्सलेट'. फायरवॉल उचकटत बसू नका. 'कोअर शो ट्रान्सलेशन' ही आज्ञा द्या. जी७२९ च्या ओळीत एलॉच्या (साध्या जी.७११ कोडेकचा एक प्रकार) खाली आकड्याऐवजी रेघ दिसली, तर रूपांतराचे मॉड्यूलच नाही.

मुळात जी.७२९ ची गरज आहे का, हे आधी पाहा. २० मिलिसेकंदांच्या पाकिटांत जी.७११ ला एका दिशेने सेकंदाला ८० किलोबिट लागतात, जी.७२९ ला २४. म्हणजे जी.७११ वर दहा कॉलना ८०० किलोबिट. फायबर असेल तर सेटिंगमध्ये 'डिसअलाउ=ऑल' आणि खाली 'अलाउ=एलॉ' एवढे पुरे. पाटण, शिराळ्याकडच्या एखाद्या शाखेची लाइन अशक्त असेल, तर शाखांमधल्या कॉलना रॉयल्टीमुक्त ऑपस कोडेक घ्या.

सॉफ्टवेअर भरलेली फोन-सर्व्हरची पेटी तयार करून गिऱ्हाइकाला विकणाऱ्यांनी जास्त जपावे. जी.७२९ चा मुक्तस्रोत कोड असलेल्या बीसीजी७२९ च्या अलीकडच्या आवृत्त्या जीपीएल ३ या मुक्त परवान्याखाली आहेत, अ‍ॅस्टेरिस्क जीपीएल २ खाली. स्वतःच्या ऑफिसात दोन्ही एकत्र चालवायला हरकत नाही. एकत्र करून विकणे म्हणजे वितरण, आणि तिथे दोन्ही परवान्यांच्या अटी जुळत नाहीत. अशा वेळी डिजियम (आता सँगोमा) या कंपनीचे चॅनेलमागे, म्हणजे एकावेळच्या कॉलमागे, पैसे घेणारे मॉड्यूल बरे. त्याची नोंदणी मशीनच्या मॅक पत्त्यांशी (नेटवर्क कार्डांच्या क्रमांकांशी) बांधलेली असते, त्यामुळे नेटवर्क कार्ड बदलले की ती पुन्हा करावी लागते.