वैद्यकीय संशोधक प्राध्यापकाचे चरित्र कसे लिहावे

वैद्यकीय संशोधन करणाऱ्या प्राध्यापकावर गौरवअंकासाठी किंवा कोशातील नोंदीसाठी लिहायचे ठरले, की बहुतेक लेखक पदे, पुरस्कार आणि शिष्यवृत्त्या यांची यादी समोर ठेवतात. त्या यादीतून मानसन्मान कळतात. पण या माणसाने नेमके काय शोधले, ते आधी कोणाला का सापडले नव्हते आणि त्यामुळे रुग्णाच्या उपचारात काय फरक पडला, हे वाचकाला समजत नाही. म्हणून आपला प्राध्यापक आयुष्यभर कोणत्या प्रश्नाच्या मागे होता, हे एका वाक्यात मांडता येईपर्यंत लेखनाला हात घालू नये.

हा प्रश्न सापडतो शोधनिबंधांत. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या खुल्या सूचीत नाव शोधावे. एकाच नावाचे अनेक संशोधक असतात, तेव्हा ऑर्किड हा 16 अंकी ओळखक्रमांक उपयोगी पडतो. मिळालेले निबंध वर्षांप्रमाणे लावून लेखकांच्या नावांचा क्रम नीट पाहावा. वैद्यकीय शाखांत साधारणपणे पहिले नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते. त्यामुळे ज्या सुमारास आपल्या प्राध्यापकाचे नाव पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेकडे सरकू लागते, त्या सुमारास स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली असावी, असा अंदाज बांधता येतो आणि मग तो नेमणुकीच्या कागदांवरून तपासता येतो. पुढच्या निबंधांत पहिल्या जागी दिसणारी नावे बहुधा विद्यार्थ्यांची असतात. मुलाखती त्यांच्यापासून सुरू कराव्यात. ‘सर कसे होते?’ असे विचारल्यास स्तुतीच मिळते. ‘तुमच्या पहिल्या निबंधाचा मसुदा किती वेळा परत आला आणि त्यावर काय लिहिलेले असे?’ असे विचारले, की माणूस बोलू लागतो.

प्रसंग निवडताना मात्र विवेक हवा. जठराचा विकार जिवाणूंमुळे होतो हे दाखवण्यासाठी ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी 1984 मध्ये जिवाणूंचे द्रावण स्वतः प्यायले, ही गोष्ट सगळे सांगतात. माझ्या मते त्याआधीचा प्रसंग अधिक बोलका आहे. त्यांचे सहकारी, विकृतिशास्त्रज्ञ रॉबिन वॉरन यांना 1979 मध्ये जठराच्या नमुन्यांत वक्राकार जिवाणू दिसले होते, परंतु ते प्रयोगशाळेत वाढत नव्हते, कारण दोन दिवसांत काही उगवले नाही की जिवाणू वाढवण्याच्या बशा टाकून दिल्या जात. 1982 मध्ये ईस्टरच्या सलग सुट्टीत त्या उबवणपेटीत तशाच राहिल्या आणि वसाहती दिसल्या. हे जिवाणू सावकाश वाढतात, ही बाब त्या दिरंगाईतून उघड झाली. दोघांना 2005 चे नोबेल मिळाले. संशोधन कसे घडते, हे असा प्रसंग दाखवतो.

काळाचे भानही सुटू देऊ नये. धूम्रपानाचा आरोग्यावरील परिणाम शोधण्यासाठी ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल यांनी ब्रॅडफर्ड हिल यांच्यासह 1951 मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानाचा पाठपुरावा सुरू केला आणि त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. कोविड लशींचा पाया घालणारे कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांचा एमआरएनएवरील (पेशीला प्रथिन बनवण्याचा संदेश देणाऱ्या रेणूवरील) निर्णायक निबंध 2005 चा, तर नोबेल 2023 चे. मधल्या वर्षांत अनुदान कोणी दिले, कोणी नाकारले आणि काम कशाच्या बळावर चालू राहिले, हा भाग चरित्रात सर्वाधिक जागा घेण्यास पात्र आहे. जन्म, शिक्षण आणि पदव्या दोन-तीन वाक्यांत उरकाव्यात.

एच-निर्देशांक द्यायचाच असेल, तर त्याचा अर्थही द्यावा: निर्देशांक 40 म्हणजे किमान 40 निबंध प्रत्येकी किमान 40 वेळा उद्धृत झालेले आहेत. वय आणि शाखा यांप्रमाणे हा आकडा खूप बदलतो, म्हणून त्यावरून दोन संशोधकांची तुलना करू नये.

छापण्यापूर्वी तीन गोष्टी तपासणे आवश्यक आहे. एखादा निबंध मागे घेतला गेला असल्यास पबमेडमध्ये तशी खूण असते. औषधचाचणीची नोंदणी झाली असल्यास, आधी जाहीर केलेले मुख्य उद्दिष्ट आणि प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जुळतात का, ते पाहावे. निबंधाच्या शेवटी हितसंबंधांचे निवेदन असते. औषधकंपनीचे मानधन तेथे नमूद असेल, तर ते वाचकापासून लपवू नये. प्राध्यापक हयात असल्यास तारखा आणि तांत्रिक तपशील त्यांना वाचून दाखवावेत व चुका दुरुस्त कराव्यात; त्यांच्या कामाचे मूल्यमापन करणारी वाक्ये मात्र मंजुरीसाठी पाठवू नयेत.