चालढकल करता? निदान या चुका तरी टाळा

पंचवीस वर्षं बडोद्यात दांडिया बाजारात बसून लोकांची इन्कमटॅक्स रिटर्न भरतोय. दर जुलैत अगदी शेवटच्या रात्री कोणीतरी बिलांची पिशवी घेऊन दारात उभं असतं. "काका, थई जशे ना?" होतं बाबा, पण झोप माझी जाते. तेव्हा माझी मतं जरा तिखट आहेत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वतःला आळशी समजणं. आळशी माणूस निवांत लोळतो. चालढकल करणारा पंखे पुसतो, माळा आवरतो, ते एक काम सोडून सगळं करतो. टिमोथी पिचिल आणि फुशिया सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये हेच मांडलं: प्रश्न वेळेचा नसतो, त्या कामापाठोपाठ येणाऱ्या भीतीचा किंवा कंटाळ्याचा असतो. काम बाजूला सारलं की लगेच हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्याचीच चटक लागते.

यात मी स्वतः पोळलोय. शेअर्समध्ये चांगलाच मार बसला होता. स्टेटमेंट उघडायचा धीर होईना. जगाची रिटर्न भरली, माझं राहिलं. २०१९ साल, मुदत वाढून ३१ ऑगस्ट झाली, तर मी खूश! मग गणपती आले, मग नवरात्र (गरब्याच्या दिवसांत बडोद्यात कोण काम करतं?), मग दिवाळी. डिसेंबरात एकदाचा बसलो आणि चाळीस मिनिटांत उठलो. पाच हजार लेट फी गेलीच, पण खरा फटका पुढेच. रिटर्न वेळेत भरलं तर तो तोटा आठ वर्षं पुढे ओढून नफ्यातून वजा करता येतो. उशीर झाला की हक्क गेला. हा नियम मी दरवर्षी गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगतो!

तेव्हापासून नकोसा कागद आला की त्याच दिवशी उघडतो आणि वर पेन्सिलीनं पुढचं एकच पाऊल लिहितो. "बँकेला फोन." बस. त्या दिवशी सोडवायचं काही नाही.

'मूड आला की करू' ही दुसरी चूक. मूड कामाच्या मागून येतो, पुढून नाही. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये लिहिलंय की 'अमुक झालं की तमुक करीन' असं आधीच ठरवलेलं जास्त पार पडतं. माझा दुसरा चहा संपला की फाइल उघडते, कप तसाच राहतो. बायको बोलते, बोलू दे.

स्वतःला शिव्या घालत बसू नका. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवरचा २०१० चा अभ्यास आहे: पहिल्या परीक्षेआधीच्या टाळाटाळीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली.

नवी डायरी, नवं ॲप, 'सोमवारपासून': ही चालढकलच, फक्त इस्त्री केलेली. नवशिक्यांना यातच फार रस.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

आणि 'प्रेशरमध्येच माझं काम चांगलं होतं' म्हणणाऱ्यांनो, काम होतं हे खरं. चांगलं झालं की नाही, ते नोटीस आल्यावर कळतं.