आधी स्विच, मग रिंग: ऑटोफोकसची मोटर कशी जपावी

आपल्या कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये आपोआप फोकस साधणारी (ऑटोफोकसची) मोटर कोणत्या प्रकारची आहे हे कळल्याशिवाय तिची काळजी नेमकी कशी घ्यावी, हे ठरवता येत नाही. ते ओळखण्याची सोपी रीत अशी की, घरात शांतता असताना लेन्स कानाजवळ धरावी आणि आधी खिडकीबाहेरच्या झाडावर व लगेच टेबलावरच्या कपावर फोकस करावा. 'घर्र' असा आवाज येऊन फोकसची रिंगही आपोआप फिरू लागली, तर आत छोटी डीसी मोटर आणि तिला जोडलेली बारीक दातेरी चाके आहेत असे समजावे. आवाज जवळजवळ येतच नसेल, तर मोटर अल्ट्रासॉनिक (सूक्ष्म कंपनांवर चालणारी), स्टेपिंग (टप्प्याटप्प्याने फिरणारी) किंवा लिनिअर (सरळ रेषेत सरकणारी) यांपैकी एखादी असण्याची शक्यता अधिक असते.

यांपैकी दातेरी चाकांच्या मोटरीला सर्वांत जास्त जपावे लागते. लेन्सवरचा स्विच 'एएफ'वर, म्हणजे ऑटोफोकसवर, असताना चाके एकमेकांत अडकलेली असतात, त्यामुळे त्या स्थितीत रिंग हाताने फिरवली की आपण ती सारी साखळी आणि मोटरही उलट्या दिशेने जबरदस्तीने फिरवत असतो. बोटांना लागणारा तो किरकिरा अडथळा म्हणजे चाकांच्या दातांवर येणारा ताण होय. म्हणून आधी स्विच 'एमएफ'वर, म्हणजे हाताने फोकस करण्याच्या स्थितीत, न्यावा आणि मगच रिंगला हात लावावा. रिंग-प्रकारच्या, म्हणजे कड्याच्या आकाराच्या, अल्ट्रासॉनिक मोटरीत मात्र ही अडचण नाही. कॅनॉनने १९८७ साली ३०० मिमीच्या लेन्समध्ये आणलेल्या या पद्धतीत ऑटोफोकस चालू ठेवूनही रिंग हाताने फिरवता येते. एका लेन्सवर चालणारी सवय दुसरीवर महागात पडते ती यामुळेच.

माझ्या स्वतःच्या ५० मिमीच्या लेन्सचे नुकसान मात्र रिंग फिरवल्यामुळे झाले नाही. जवळच्या वस्तूवर फोकस करताना तिची पुढची नळी बाहेर येत असे आणि मी ती तशीच बाहेर असताना लेन्स तोंडाच्या बाजूने पिशवीत घातली. मेन रोडवरच्या गर्दीत कोणाचा तरी धक्का पिशवीला लागला, नळी किंचित तिरकी झाली आणि त्यानंतर फोकस मधल्या अंतरावरच अडकू लागला. तेव्हापासून कॅमेरा बंद करण्यापूर्वी मी फोकस अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या टोकाला, आणतो, म्हणजे नळी आत जाते. स्टेपिंग मोटरीच्या पुष्कळ लेन्समध्ये रिंग फक्त विजेच्या संकेताने काम करते, त्यामुळे कॅमेरा बंद असताना ती कितीही फिरवली तरी नळी हलत नाही. अशा वेळी नळी अंगठ्याने आत दाबू नये, कॅमेरा पुन्हा सुरू करून ती आत घ्यावी. काही कॅमेऱ्यांच्या मेनूत बंद होताना लेन्स आपोआप आत घेण्याची सोय असते, ती चालू ठेवावी. हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडाभोवतीचे कडे, लावलेले असले तर पुढून येणारा धक्का बऱ्याच अंशी तेच झेलते, म्हणून पिशवीबाहेर मी ते काढत नाही.

लिनिअर मोटरीच्या काही लेन्स बंद असताना हलवल्या, तर आतून 'खट्' असा आवाज येतो. वीज नसल्यामुळे फोकसचा भाग मोकळा सरकत असतो, तेव्हा घाबरून दुरुस्तीच्या दुकानात धावण्याचे कारण नाही.

नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यातल्या पहाटे धुके असले की पाणकणसातल्या पक्ष्यावर फोकस बसत नाही आणि मोटर या टोकापासून त्या टोकापर्यंत भटकत राहते. शटरचे बटण अर्धे दाबून ठेवण्याने काहीच साधत नाही. लेन्सवर अंतराची मर्यादा घालणारा स्विच असल्यास तो दूरच्या टप्प्यावर ठेवावा. नसल्यास तेवढ्याच अंतरावरच्या बांधाच्या किंवा झाडाच्या ठळक कडेवर फोकस करून मग पक्ष्याकडे वळावे. त्या गारव्यातून घरी आल्यावर पिशवी लगेच उघडू नये, आतली लेन्स घराच्या उबेला येईपर्यंत ती बंदच ठेवावी, म्हणजे लेन्सवर दव धरत नाही.

रंगपंचमीला नाशिकच्या रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याच्या हौदाजवळ) फोटो काढणाऱ्यांनी तर विशेष सावध असावे. कोरडा रंग बाहेर-आत होणाऱ्या नळीच्या फटीत शिरतो आणि प्रत्येक फोकसबरोबर आत ओढला जातो. त्या दिवशी एकच लेन्स लावावी, ती तेथे बदलू नये, आणि घरी आल्यावर नळी पुसण्याआधी हातपंपाच्या ब्लोअरने रंग उडवावा. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे थेंब उडतात आणि रंग तेथेच चिकटतो.

फोकस अचानक बंद पडला, तर मोटर गेली असे लगेच समजू नये. कॅमेरा बंद करून लेन्स काढावी आणि माउंटवरचे (लेन्स कॅमेऱ्याला जोडतो त्या कड्यावरचे) सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसून पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. त्यानंतरही रिंग अडखळत असेल, तर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडण्याचा मोह आवरावा, कारण ते तेल पसरत पसरत डायफ्रॅमच्या (प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणाऱ्या भागाच्या) पात्यांवर जाते आणि एका बिघाडाचे दोन होतात.