खाऱ्या पाण्याच्या टाकीतील सफाई करणारे कृमी: ओळख, जोपासना आणि आवर

माशांना खाद्य कितीही जपून घातले तरी त्यातला काही भाग खडकांच्या फटींत आणि वाळूत जाऊन बसतोच. तेथे खेकडा पोहोचत नाही, गोगलगाय पोहोचत नाही आणि सायफनची नळीही पोहोचत नाही. हे खरकटे, माशांची विष्ठा किंवा आडोशाला मरून पडलेला एखादा जीव जागच्या जागी कुजला, तर पाण्यातला अमोनिया वाढतो, आणि लहान टाकीत तो एका रात्रीत मासे मारू शकतो. गांडुळांच्याच संघातले, पण समुद्रात राहणारे केसाळ कृमी, ज्यांना हौशी मंडळी ‘ब्रिसल वर्म’ म्हणतात, नेमके हेच अन्न खातात. एक गैरसमज मात्र आधीच दूर केलेला बरा: हे कृमी पाण्यातले नायट्रेट नाहीसे करत नाहीत. ते मोठ्या तुकड्यांचे बारीक कण करतात. अमोनियाचे नायट्राइट आणि त्याचे पुढे नायट्रेट करण्याचे काम जिवाणूंचे असते, आणि साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी पाणी बदलणे टळत नाही.

पायरी १: ओळख पटवावी

टाकीचे दिवे मालवल्यानंतर तास-दोन तासांनी, विजेरीला लाल पारदर्शक कागद लावून खडकांच्या कडा पाहाव्यात. लाल उजेडात हे जीव सहसा बिचकत नाहीत. गुलाबी, करडा किंवा तांबूस रंग, चपटे वलयांकित शरीर आणि दोन्ही कडांना पांढऱ्या केसांचे झुबके दिसले, तर तो बहुधा निरुपद्रवी सफाईवाला असतो. काही वेळा कृमी दिसतच नाही, केवळ वाळूवर पसरलेले फिकट, लांब धागे दिसतात आणि ते कण ओढून बिळाकडे नेत असतात. हा ‘स्पॅगेटी वर्म’ होय, आणि त्याच्यापासून कोणालाही धोका नाही.

सावध राहावे ते दोघांपासून. दाढीवाला फायरवर्म प्रवाळ आणि समुद्रफुले खातो. त्याच्या डोक्यावर मांसल, घड्यांचा उंचवटा असतो आणि झुबक्यांजवळ तांबड्या कल्ल्यांचे गुच्छ असतात. तो मुख्यतः अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला असल्याने हिंदी किंवा प्रशांत महासागरातल्या खडकांबरोबर तो येण्याची शक्यता कमी असते. दुसरा युनिसिड कुळातला: डोक्यावर पाच मिशा, अंगावर इंद्रधनुषी झळाळी आणि मजबूत जबडे. ब्रिटनमधील न्यूक्वे येथील ब्लू रीफ ॲक्वेरियममध्ये २००९ साली प्रवाळ कुरतडले जात असल्याचा छडा लावताना असा सुमारे चार फूट लांबीचा कृमी सापडला होता.

मरणाऱ्या प्रवाळावर किंवा शिंपल्यावर केसाळ कृमी जमलेले दिसले, की खुनाचा आळ त्यांच्यावर येतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते आधीच खंगलेल्या जिवाकडे वासाने आलेले असतात. म्हणून असे दृश्य दिसताच चिमटा शोधण्याऐवजी पाण्याची क्षारता (खारटपणा), तापमान आणि अमोनिया तपासावा. खरे कारण अनेकदा तेथे सापडते.

पायरी २: टाकीत आणावे

समुद्रातून आलेल्या ‘जिवंत खडका’बरोबर, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वस्तीला असलेल्या खडकाबरोबर, हे कृमी न सांगता येतात. कोरड्या किंवा कृत्रिम खडकावर उभारलेल्या टाकीत मात्र ते आपोआप येत नाहीत. किनाऱ्यावरून खडक उचलून आणण्याचा मोह टाळावा: प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि मालवणचा समुद्र तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ओळखीच्या मत्स्यपालकाच्या जुन्या, निरोगी टाकीतून मूठभर वाळू किंवा खडकाचे चार तुकडे मागून घेणे हा सरळ मार्ग. त्यांच्याबरोबर पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची बीजे येऊ शकतात, म्हणून ते वेगळ्या भांड्यात, मासे न ठेवता, सुमारे अडीच महिने ठेवावेत. पंप आणि हीटर चालू असावा आणि अधूनमधून चिमूटभर खाद्य घालावे. त्यानंतर टाकीतले पाणी थेंबाथेंबाने भांड्यात सोडून दोन्हींची क्षारता जुळवावी, विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२५, आणि तुकडे टाकीत ठेवावेत.

पायरी ३: टिकवावे

यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. बारीक दाण्याची वाळू आणि सच्छिद्र खडक असावेत आणि वाळू सारखी धुऊन काढू नये. तांबे असलेले औषध मुख्य टाकीत कधीही घालू नये. ते माशांना रोगमुक्त करते, पण कृमी, कोळंबी आणि गोगलगायी यांना मारते. आजारी माशाचा उपचार वेगळ्या टाकीत करावा. जंतनाशक फेनबेंडाझोललाही हाच नियम लागू.

पायरी ४: संख्या वाढल्यास

कृमींची संख्या अन्नावर ठरते. दिवसाढवळ्याही ते खडकांवर दिसू लागले, तर तो तुमच्या हाताने पडणाऱ्या जादा खाद्याचा हिशेब समजावा आणि प्रथम खाद्य कमी करावे. काही आठवड्यांत त्यांची संख्या ओसरते. तरीही काही काढायचेच असतील, तर लहान छिद्रे पाडलेल्या प्लास्टिकच्या बंद नळीत कोळंबीचा तुकडा घालून ती रात्री खडकाशेजारी ठेवावी आणि सकाळी उचलावी. सहा पट्ट्यांचा ‘रास’ (wrasse) मासा, ॲरो क्रॅब हा खेकडा किंवा कोरल बँडेड कोळंबी हे जीव कृमींना खातात खरे, पण ते इतर लहान जिवांनाही सतावतात, त्यामुळे निव्वळ या कामासाठी ते आणावेत असे मला वाटत नाही. औषध घालून सगळे कृमी एकदम मारणे तर सर्वांत वाईट, कारण फटीफटींत मेलेले शेकडो कृमी कुजून तोच अमोनिया तयार होतो.

पायरी ५: हाताळताना

खडक हलवताना जाड रबरी हातमोजे घालावेत आणि कृमी लांब चिमट्यानेच धरावा. त्याचे केस काचेसारखे ठिसूळ असून कातडीत मोडून राहतात आणि जळजळ होते. अशा वेळी जागा चोळू नये; चिकटपट्टी हलकेच लावून ओढावी म्हणजे बरेच केस निघतात, उरलेल्यांवर व्हिनेगर लावावे. सूज पसरू लागली किंवा श्वास घेण्यास त्रास झाला, तर घरगुती उपाय सोडून लगेच डॉक्टरांकडे जावे.